रविवारच्या कथेला वर्गणी लावावी का?

कोरांटी:
गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी एक कथा ईमेलने पाठवते. साताऱ्यात बँकेत काउंटरला होते, निवृत्तीनंतर हा उद्योग. यादीत आज ६४० जण आहेत. मुलगी म्हणते, आई, आता वर्गणी लाव, महिना ९९ रुपये. माझी जीभ रेटत नाही. मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाने कथा छापली आणि मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती धाडल्या, एक पोस्टात भिजलेली. त्यामुळे फुकट लिहायचा सराव दांडगा आहे! सबस्टॅकवर, म्हणजे ईमेलने लेखन पाठवायच्या आणि वर्गणी घ्यायच्या वेबसाइटवर, खातं काढलं, पण पैशाच्या पानावर गाडी अडली. इथे कोणी वर्गणी घेतं का? लोक खरंच देतात?

दगडी पाटा:
ताई, सगळे तिथेच अडतात. सबस्टॅकचे पैसे स्ट्राइप नावाच्या ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीमार्फत येतात आणि स्ट्राइप सध्या भारतात निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. मी यूपीआयवर वर्षाचे ६०० एकदम घेतो आणि नावं वहीत लिहितो. हो, वहीत. यादीत ८०० जण, पैसे दिले ३१ जणांनी, त्यात ४ मावसभाऊ.

दरमहा आपोआप कापून घ्यायच्या फंदात पडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या २४ तास आधी माणसाला निरोप जातो. निरोप आला की त्याला आठवतं, आणि आठवलं की तो बंद करतो.

दुसरं म्हणजे जानेवारीत मला चिकुनगुन्या झाला, बोटं मिटेनात. फुकट होतं तेव्हा दोन आठवडे बुडाले तरी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. या वेळी एका गृहस्थांनी लिहिलं, 'पैसे भरलेत, कथा कुठाय?' डोकंच फिरलं. मग पडल्या पडल्या सांगत गेलो, मुलाने टाइप केलं. वर्षातली सगळ्यात बरी कथा तीच निघाली, हे जास्त झोंबलं.

ओहायोकर:
मी इथे एका लेखिकेला महिना ५ डॉलर देतो. १० टक्के सबस्टॅकचे, शिवाय कार्डाचा खर्च, तिच्या हातात जेमतेम ४ पडत असतील. कोरांटीताईंनाही दिले असते, पण माझ्याकडे यूपीआय नाही. सांगलीच्या भावाला भरायला लावतो, तो नाहीतरी माझे पैसे देणं लागतो.

शिळा पेपर:
लाजताय काय? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या. आठवड्याला प्रकरण आणि वर्गणी, हे आपल्याकडे जुनंच आहे.

मी मात्र सुट्या कथेला पैसे देणार नाही, स्पष्ट सांगतो. कथा संपली की मी मोकळा. म्हातारीने पेटी उघडली की नाही हे पुढच्या रविवारी कळणार असेल, तर खिशात हात घालीन. कथा फुकटच ठेवा, लांबणीचं काही असेल तर ते विका.

कोरांटी:
शिळा पेपर, तुम्ही माझ्या कपाटात डोकावलात की काय? बँकेच्या लॉकरवर एक लांबलचक गोष्ट चालू आहे, सात भाग झालेत. आठव्यात चावी हरवते आणि तिथून मी चार महिने हललेले नाही. ओहायोकर, वहीत पहिलं नाव तुमच्या भावाचं, पण त्यांना इतक्यात पैसे भरू देऊ नका. आधी चावी सापडू दे. चिकुनगुन्यात सांगून टाइप करून घ्यायला माझ्याकडे मुलगी आहे खरी, पण तिचं मराठी शुद्धलेखन बघितलंय मी.