आबांच्या स्टिरिओतली घूं

आत्या: नमस्कार. कोणाचं नाव घेऊन बोलायचं नाहीये, पण आज सलग तिसरा दिवस. पहाटे साडेपाचला खालून घूंऽऽ सुरू होतं ते आठपर्यंत. मध्येच ठणाण्‌ करून काहीतरी वाजतं. मंदार, आबांना लॅपटॉप दिलास ते छान केलंस रे, पण स्टिरिओला जोडून द्यायची काय गरज होती?

मंदार: आत्या, मी नाही जोडला. मी फक्त गाणी भरून दिली.

आबा: मी जोडला. लॅपटॉपमधून गवई डब्यात बसून गातो असं वाटतं. घरात एवढा अँप्लिफायर असताना ते का ऐकायचं

अण्णा: शुभ सकाळ 🙏 वायरींचा जमाना गेला. ब्लूटूथ लावा. विषय संपला.

आत्या: आत्ता बघा, परत ठणाण्‌ झालं!

बंटी: आत्या, ते अण्णाकाकांचं शुभ सकाळ होतं 😂 आबांच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं असतं. मेसेज आला की स्टिरिओतून वाजतो.

आत्या: म्हणजे अण्णा, तू तिकडे बटण दाबतोस आणि मी इकडे जागी होते.

अण्णा: आम्ही चांगल्या भावनेनं पाठवतो.

काकू: सकाळी सकाळी नको. मंदार, तू सांग काय करायचं ते.

मंदार: आबा, अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का? वायर कुठे घातली आहे ते दिसेल असा.

आबा: 📷 फोटो

नीलू: आबा, हा तुमच्या अंगठ्याचा फोटो आहे.

आबा: 📷 फोटो

मंदार: आता दिसलं. आबा, तुम्ही लाल-पांढरी टोकं फोनोमध्ये घातली आहेत.

आबा: तेच एक मोकळं होतं. ऑक्समध्ये टीव्हीचा डबा आहे

मंदार: फोनो फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. प्लेअरच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो, म्हणून आतलं सर्किट तो शंभरेक पट वाढवतं. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेले असतात. ते उलटं करण्यासाठी फोनो खर्ज वाढवतं आणि वरचे स्वर कमी करतं. लॅपटॉपमधून १ व्होल्टच्या घरातला सिग्नल येतो. तो तिथे घातलात तर फाटणारच, आणि वर सगळं ढबढब.

आबा: म्हणून तानपुरा ट्रॅक्टरसारखा येत होता

छोटे काका: 😂😂 आबा एक नंबर

आबा: तू हसू नकोस

अण्णा: मी पहिल्यापासून सांगतोय. ब्लूटूथ.

नीलू: अण्णाकाका, तो अँप्लिफायर माझ्याहून मोठा आहे. त्याला कुठलं ब्लूटूथ? वेगळा रिसीव्हर घ्यावा लागेल, आणि तो डबाही मागे वायरनेच लागेल. त्याच भोकात.

अण्णा: आम्हाला एवढं तांत्रिक कळत नाही. आमच्याकडे लावलंय, मस्त चालतं.

मंदार: आबा, टेप असं लिहिलेली चार भोकं आहेत बघा. दोन रेक, दोन प्ले. टोकं प्लेमध्ये घाला, लाल लालमध्ये, पांढरं पांढऱ्यात. रेकमध्ये घालू नका, तिथून आवाज बाहेर जातो, आत येत नाही. मग पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबा. घालण्याआधी आवाज शून्यावर.

आत्या: आणि घूंचं काय?

मंदार: येतो त्यावर. आधी हे होऊ दे.

(नऊ वाजता)

आबा: घातलं. ढबढब गेली. तानपुरा माणसात आला. घूं आहेच. पण थोडी कमी

अण्णा: घूं अर्थिंगमुळे येते. चार्जरच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. आमच्याकडे मी तेच केलंय, एक सेकंद आवाज नाही.

मंदार: अण्णाकाका, कृपया हे कोणालाही सांगू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. आबा, पिनला हात लावायचा नाही.

अण्णा: बरं बाबा. आम्ही अडाणी.

काकू: अहो, तो तसं म्हणाला का? आणि आपल्या घरातला तो प्लग कुठला ते मला आज संध्याकाळी दाखवा.

नीलू: काकू 👏

मंदार: आबा, लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि ऐका.

आबा: थांब

आबा: गेली

आत्या: गेली!! खरंच गेली. इथे वर एकदम शांत.

छोटे काका: म्हणजे लॅपटॉप खराब?

मंदार: नाही काका. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, म्हणजे लॅपटॉपला अर्थ मिळतो. टीव्हीच्या डब्याला केबल येते, तिच्या बाहेरच्या जाळीलाही कुठेतरी अर्थ असतो. हे दोन्ही अँप्लिफायरच्या मागे येऊन भेटतात. दोन अर्थ तंतोतंत एकाच पातळीवर कधीच नसतात, त्यामुळे वायरींच्या जाळीतून बारीकसा प्रवाह फिरत राहतो आणि विजेची ५० हर्ट्‌झची घूं गाण्यात मिसळते. कुठलंही एक टोक सोडलं की फेरा तुटतो. आबा, आता चार्जर परत लावा आणि टीव्हीच्या डब्याला येणारी केबल सोडून बघा.

आबा: केबल सोडली. घूं नाही. केबल लावली. घूं आली. सोडली. नाही

बंटी: आबा एन्जॉय करतायत 😄

आत्या: अरे, मग टीव्ही कसा बघायचा? माझी मालिका खाली आबांच्या खोलीतच लागते, विसरलात का?

आबा: बाहेरच्या खोलीत बघ

आत्या: बाहेरच्या खोलीतला टीव्ही कोण घेऊन गेलं ते इथे लिहायला लावू नका.

छोटे काका: हा मेसेज हटवला गेला आहे.

काकू: विषय स्टिरिओचा आहे. मंदार, पुढे सांग.

अण्णा: ब्लूटूथने अर्थिंगचा प्रश्नच येत नाही. आता बोला.

मंदार: हे मात्र अण्णाकाकांचं बरोबर आहे. वायरच नाही तर फेरा नाही.

अण्णा: 🙏🙏🙏 सर्वांनी नोंद घ्यावी.

मंदार: पण ब्लूटूथ आवाज आवळून पाठवतं. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज आवळायची पद्धत, चांगल्या सेटिंगला ३२८ पर्यंत जातो. आबांना चालेल की नाही ते त्यांनीच ऐकून ठरवावं.

आबा: नको

नीलू: यूएसबी डॅक घेऊन देऊ या का? म्हणजे लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करणारी बाहेरची डबी. लॅपटॉपच्या आत आवाजाच्या चिपच्या शेजारीच पंखा, डिस्क, सगळ्यांची किरकिर. बाहेरच्या डॅकमध्ये त्यातली बरीचशी नसते.

मंदार: नंतर घेऊ. पण डॅकने ही घूं जाणार नाही, कारण यूएसबीच्या वायरीतूनही ग्राउंड, म्हणजे तोच अर्थ, येतोच. त्याला ग्राउंड लूप आयसोलेटर हवा. वायरीच्या मध्ये लावायची छोटी डबी असते, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. सिग्नल पलीकडे जातो, पण तारेला तार लागत नाही. अगदीच हलक्या प्रतीचा घेतला तर खर्ज पातळ होतो, म्हणून बघून घेऊ. तोपर्यंत आबांनी चार्जर काढून ऐकावं.

आबा: बॅटरी चाळीस मिनिटं टिकते

मंदार: 🙈 हो, लॅपटॉप जुना आहे.

आत्या: चाळीस मिनिटं पुष्कळ झाली.

आबा: एका रागाला पुरत नाहीत

मंदार: दोन बारक्या गोष्टी. लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अँप्लिफायरवर करा. उलट केलंत तर अँप्लिफायर गाण्यासोबत सूं पण मोठा करतो. आणि व्हॉट्सॲपची घंटा मी आत्ता लांबूनच बंद केली आहे. अण्णाकाका, आता कितीही पाठवा.

अण्णा: वायरींचा जमाना गेला. ब्लूटूथ लावा. 🙏

बंटी: टेस्टिंग यशस्वी 😂

आबा: मंदार, एक विचारायचं राहिलं. घूं गेली, ढबढब गेली. पण त्या जुगलबंदीत सतार आहे आणि तबला नाही. आधी वाटलं गाणंच तसं आहे. पण मी हे पूर्वी ऐकलंय, तबला होता

मंदार: एकच बाजू वाजत असेल. लाल टोक नीट बसलंय का?

आबा: बसलंय. अदलाबदल केली तर तबला येतो आणि सतार जाते

मंदार: म्हणजे वायर ठीक, लॅपटॉप ठीक. उजव्या स्पीकरची वायर मागून निघाली असेल.

आबा: उजवा स्पीकर इथे कुठे आहे

मंदार: म्हणजे?

आत्या: तुला माहीत नाही? 🙂

नीलू: मलाही माहीत नाही.

बंटी: तो लाकडी ना? जाळीवर चांदीचा पट्टा असलेला? तो आमच्या बाल्कनीत आहे. त्याच्यावर कुंडी ठेवली आहे.

छोटे काका: बंटी, अभ्यास कर.

आत्या: दोन दिवसांसाठी नेला होता, कार्यक्रमाला. बंटी तेव्हा पहिलीत होता.

बंटी: मी आता बारावीत आहे.

अण्णा: माझं नाव कशात घेऊ नका, पण मी त्या वेळीच म्हणालो होतो, दोन्ही न्या नाहीतर एकही नेऊ नका.

छोटे काका: अरे, आबांनी स्वतः दिला होता. आणि कधी मागितलाही नाही.

काकू: जाऊ दे ना आता. कोणी कोणाला काही म्हणालेलं नाही.

मंदार: आबा, तात्पुरता उपाय आहे. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ आहे, तो चालू केला की दोन्ही बाजू एकत्र होऊन डाव्या स्पीकरमधून येतील. तबला ऐकू येईल. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर तेही चालेल.

अण्णा: त्यापेक्षा लाल आणि पांढरी वायर पिळून एकत्र करा.

मंदार: नको, तसं थेट जोडलं तर दोन्ही बाजू एकमेकींवर लोड टाकतात. सेटिंगमधूनच करा.

आबा: केलं. तबला आला. पण सतारीच्या डोक्यावर बसलाय

नीलू: मोनोत तसंच होणार आबा. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा एक वादक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवत. ते अंतर दोन स्पीकरांशिवाय नाही मिळणार.

आत्या: 🙂

छोटे काका: ठीक आहे. रविवारी आणून देतो. कुंडीच्या पाण्याने वर थोडं फुगलंय, बाकी चांगला आहे.

मंदार: काका, आधी मागच्या क्लिपा गंजल्यात का बघा. आणि जोडताना अँप्लिफायर बंद. लाल क्लिप लालला, काळी काळ्याला. एकाच स्पीकरची उलटी लागली तर दोघं एकमेकांचा खर्ज खातात.

छोटे काका: हो. तिकडे वायर आहे की आणू?

आबा: आहे. तू नेलास तेव्हापासून कपाटामागे तशीच गुंडाळून ठेवली आहे

अण्णा: वायरींचा जमाना गेला. ब्लूटूथ लावा. 🙏