२०० + १०० = ४४
प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या नवशिक्यांना सराव म्हणून वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम लिहायला द्यावा, ही इथे कोणीतरी केलेली सूचना पटली. फक्त न्यूटनच्या पद्धतीत (एका अंदाजापासून सुरू करून तो फेरीफेरीने सुधारत नेणं) प्रत्येक फेरीची किंमत छापायला सांगा. २ च्या वर्गमूळासाठी १, १.५, १.४१६७, १.४१४२१६... बरोबर आलेले अंक दर फेरीला जवळपास दुप्पट होताना दिसतात.

माझी भर: नम्पायमध्ये (पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) आठ बिटांचा करडा फोटो, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा एक आकडा असतो, तो घेऊन प्रत्येक पिक्सेलमध्ये १०० मिळवा. उजळ भाग उलट काळपट पडतील, कारण २५५ च्या पुढे जागाच नाही. मोजणी पुन्हा ० पासून सुरू होते, म्हणून २०० + १०० चे ३०० न होता ४४ होतात. कारण आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या! उपाय सोपा: आधी १६ बिटांत रूपांतर, मग बेरीज, मग ० ते २५५ मध्ये छाटणी (२५५ च्या वर गेलेलं सगळं २५५ वर आणणं). रूपांतर राहिलं तर छाटणीचा काहीच उपयोग नाही, कारण तोवर आकडे ० पासून फिरून आलेले असतात.