मदत हवी आहे: कमी कव्हरेजच्या (जीनोमच्या थोड्याच जागा वाचल्या गेलेल्या) प्राचीन डीएनएवर क्यूपीअ‍ॅडमचं (कोणत्या स्रोत-गटांच्या मिश्रणातून नमुना बनला ते तपासणाऱ्या प्रोग्रामचं) कोणतं मॉडेल ग्राह्य धरावं?

हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या स्त्रीचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला जीनोम, गोनूर (तुर्कमेनिस्तान) आणि शहर-ए-सोख्ता (इराण) इथल्या सिंधू-परिघातल्या (सिंधू संस्कृतीच्या लोकांशी नातं असलेल्या, पण तिच्या बाहेर सापडलेल्या) ११ व्यक्तींसोबत तपासतोय. मॉडेलच्या डावीकडच्या यादीत दोन स्रोत: इराणी पठाराशी नातं असलेला प्राचीन गट आणि अंदमानचे ओंगी. ओंगी हे फक्त बदली नमुने आहेत, कारण दक्षिण आशियातल्या मूळ शिकारी-संग्राहकांचा अमिश्रित जीनोम हाती नाही.

अडचण अशी की राखीगढीसाठी जवळपास प्रत्येक मॉडेल पी ०.०५ च्या वर जातं, म्हणजे नाकारलंच जात नाही. १२४०के पॅनेलच्या बारा लाखांवर एसएनपींपैकी (माणसामाणसांत एका अक्षराने बदलणाऱ्या डीएनएतल्या जागांपैकी) फारच थोड्या वाचल्या गेल्यात. स्टँडर्ड एरर फुगते आणि चुकीचं मॉडेल नाकारायची ताकदच उरत नाही. तीच मॉडेल्स चांगल्या कव्हरेजच्या नमुन्यांवर नाकारली जातात. ऑलस्निप्स हे सेटिंग ‘यस’ केलं तर प्रत्येक एफ४ (चार गटांमधलं नातं मोजणारा आकडा) वेगळ्या एसएनपींवर मोजला जातो, ‘नो’ केलं तर हाती फारसं काही राहत नाही.

जुन्या डीएनएची झीज टोकांना जास्त असते, म्हणून रीडच्या (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांच्या) टोकांचे दोन-दोन बेस छाटलेत. ट्रान्झिशन्स (सी-टी आणि जी-ए असे बदल, जे झिजेमुळेही दिसतात) पूर्ण वगळल्या तर पॅनेलचा मोठा भाग जातो, म्हणून ते टाळलंय.

चांगले नमुने राखीगढीत मिळालेल्या एसएनपींपुरते कापून तीच मॉडेल्स चालवायची आणि किती चुकीची मॉडेल्स पास होतात ते पाहायचं, एवढा पुरावा पुरेसा मानाल का? उजवीकडचे (तुलनेसाठीचे संदर्भ) गट आलटूनपालटून बदलताना तुम्ही कोणते कायम ठेवता? आणि इतक्या विरळ डेटावर जॅकनाइफचा (जीनोमचा एकेक तुकडा वगळून स्टँडर्ड एरर काढण्याच्या पद्धतीचा) ५ सेंटीमॉर्गनचा ब्लॉक तसाच ठेवावा का? पॅरामीटर फाइलसह (प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलसह) उत्तर दिलंत तर फार उपयोग होईल.