क्लिंग रॅप बंद करायचाय, पण कणीक, अर्धा कांदा आणि कोथिंबीर यांचं काय?

मोगरा_ठाणे
क्लिंग रॅपचा, म्हणजे अन्नावर ताणून लावायच्या पातळ प्लास्टिकचा, रोल संपला आणि मी जाहीर केलं, नवा आणायचा नाही. नवऱ्याने लगेच विचारलं, "मग कणकेचं काय?" प्रश्न रास्त आहे. सकाळी सातच्या आत दोन डबे भरायचे असतात, म्हणून कणीक रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये जाते. नुसतं ताट झाकलं तर वर पापुद्रा धरतो नि पोळ्या काळपट होतात. दुसरा कापलेला कांदा, त्याचा वास दुधालासुद्धा लागतो. तिसरी कोथिंबीर.

सिलिकॉनची ताणून बसवायची झाकणं आणून झाली. काचेच्या बाउलवर छान बसतात, पण आमच्या स्टीलच्या पातेल्यांचे काठ बाहेर वळलेले, तिथून सटकतात. काचेच्या डब्यांचा सेट घ्या असं कृपया सांगू नका, ओट्याखाली जागा नाही.

सासवडच्या_काकी
अगं, झाकण कसलं शोधतेस, डबा लहान कर. कणकेच्या गोळ्याएवढाच डबा घे. वर मोकळी जागा राहिली की तिथल्या हवेने कणीक सुकते नि काळी पडते. गोळ्याला सगळीकडून तेलाचा हात लाव, दाबून बसव, घट्ट झाकण लाव. भिजवताना जरा घट्टच ठेव, रात्रभरात सैल होते. आणि दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवूच नये, मग ती क्लिंग रॅपमध्ये असो नाहीतर चांदीच्या डब्यात.

कांदा अर्धा लागला तर उरलेला तेव्हाच चिरून झाकणाच्या डबीत टाक, रात्री आमटीच्या फोडणीला जातो. लिंबाची फोड बशीत उपडी.

कोथिंबीर धुवायची नाही. मुळं आणि पिवळी पानं काढ, पंख्याखाली पसर, आणि कोरड्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. फडकं दमट लागलं की बदल. आमच्याकडे ह्यांच्या जुन्या धोतराचे तुकडे आहेत. ते नेसणं बंद झालं तेव्हापासून माझी चैन आहे.

लाल भोपळ्याच्या फोडीतल्या बिया नि गर आधी काढ, सडायला तिथूनच सुरुवात होते. मग उघडी ठेवलीस तरी चालेल, वरचा सुकलेला पापुद्रा चिरताना काढून टाकायचा.

कोथरूडचा_बल्लव
काकी, फडकी धुणार कोण? मी कोथिंबीर वर्तमानपत्रात गुंडाळतो, फुकटात काम.

सासवडच्या_काकी
तूच धू. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागते. त्यात खाद्यपदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, 2016 मध्येच सांगितलंय. वडापाववाले ऐकत नाहीत, निदान आपण ऐकू.

पितळी_डबा
मेणकापड करून बघा. सुती कापडावर किसलेलं मधमाश्यांचं मेण पसरायचं, वरखाली बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची. नुसत्या मेणाचं कापड कडक होतं आणि वाटीला चिकटत नाही. चिकटपणासाठी पाइनची राळ आणि मऊपणासाठी थोडं तेल लागतं. राळ खाद्यपदार्थांना चालणारीच घ्या. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून गरम पातेल्यावर घालायचं नाही आणि धुवायचं गार पाण्यात. कच्चे मासे, मटण यात अजिबात नको, कारण कापड गरम पाण्याने धुता येत नाही.

केंद्राच्या प्लास्टिकबंदीत घरचा रोलही बंद झाला असं काही जणांना वाटतं. तसं नाही. 1 जुलै 2022 पासूनच्या बंदीत मिठाईच्या खोक्यांवरची, निमंत्रणपत्रिकांवरची आणि सिगारेटच्या पाकिटांवरची फिल्म आहे. स्वयंपाकघरातली आपणच सोडायची.

कुडाळकरीण
मासे स्टीलच्या डब्यात, दुसरं काही नको. डब्यात भाकरी द्यायची तर केळीचं पान विस्तवावरून फिरवून घ्या, म्हणजे मऊ पडतं आणि दुमडताना फाटत नाही. अर्थात ठाण्यात पान विकत आणावं लागणार, आणि बाजारवाला ते प्लास्टिकच्या पिशवीतच घालून देणार!

मोगरा_ठाणे
आज कणीक साबुदाण्याच्या छोट्या डब्यात बसवली. साबुदाणा कुठे ठेवायचा ते आता नवऱ्याने सुचवायचं. मेणकापडाचा उद्योग दिवाळीच्या सुट्टीत. पितळी_डबा, इस्त्रीला मेण लागलं तर ते निघतं कसं?

पितळी_डबा
इस्त्री कोमट असतानाच जुन्या सुती फडक्यावरून फिरवा. पण बटर पेपर कापडापेक्षा चांगला मोठा घेतलात तर लागणारच नाही.