‘ड्रिव्हन डायमेन्शन’ला मराठीत काय म्हणायचं?

अनघा_भोसरी
भोसरीत संध्याकाळच्या बॅचला आयटीआय झालेल्या मुलांना सॉलिडवर्क्स (संगणकावर यंत्रभागांची डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, म्हणून यंदा टिपणं मराठीत काढायला घेतली. ‘इक्वेशन्स’च्या धड्यावर गाडं अडलंय.

ग्लोबल व्हेरिएबलला ‘चल’ म्हटलं. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ मुलांनी शाळेत सोडवलेली असतात, त्यामुळे जाडी, त्रिज्या अशी नावं देऊन त्यांच्यावर मापं बांधायची हे चटकन समजतं. पुढे ड्रायव्हिंग आणि ड्रिव्हन डायमेन्शन येतात. पहिल्याचा आकडा बदलला की आकृती बदलते, आणि आकृती बदलली की दुसऱ्याचा आकडा आपोआप बदलतो. मी ‘चालक माप’ आणि ‘चालित माप’ लिहिलं. काल एका मुलाने विचारलं, “मॅडम, चालित म्हणजे चालू असलेलं ना? मग बदलायचं ते हेच ना?” नेमकं उलटं!

एवढा जीव का टाकतेय ते सांगते. नोकरीत असताना आमच्याकडे एक पत्र्याचा ब्रॅकेट होता. बेंडपासून भोकाचं अंतर अडीच जाडी अधिक आतली त्रिज्या, असा आमचा नियम. जाडी 2, त्रिज्या 2, म्हणजे 7 मिमी. कुणीतरी सूत्र न बांधता नुसता 7 टाइप करून ठेवला होता. पुढे जाडी 3 झाली, त्रिज्याही 3. भोक 10.5 वर सरकायला हवं होतं, ते 7 वरच बसून राहिलं. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, वाकवल्यावर गोल भोक ओढलं जाऊन लंबगोल झालं आणि बोल्ट आत जाईना. चाळीस नग भंगारात गेले. कुठलं माप कुणाच्या हुकमात आहे, हे मुलांना शब्दातूनच कळायला हवं.

नारायणपेठी
‘चालित’ व्याकरणाने निर्दोष आहे. ज्याला दुसरं कुणी चालवतं ते चालित. मुलाला अर्थ लागला नाही तर अर्थ शिकवा, शब्द कशाला टाकता? आणि तुमच्या ग्लोबल व्हेरिएबलला ‘चल’ म्हणणंही ढोबळ आहे. एकदा ठरवून दिलेली आणि बाकी सगळं जिच्यावर अवलंबून असलेली राशी म्हणजे ‘प्राचल’. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हा शब्द रुळलेला आहे.

लेथवाला
काका, शॉपवर तीस वर्षं काढली. प्राचल म्हणणारा एक माणूस भेटला नाही. पॅरामीटर म्हणतात, सगळ्यांना कळतं.
अनघाताई, शब्द तुमच्या समोरच आहे. ड्रॉइंगवर ड्रिव्हन माप कंसात येतं, म्हणून आम्ही त्याला ‘कंसातलं माप’ म्हणतो. ते नुसतं माहितीसाठी असतं. क्यूसीला, म्हणजे तपासणीला, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी सांगायचं: कंसातल्या मापावर जॉब रिजेक्ट करायचा नाही.

अनघा_भोसरी
दादा, हे आवडलं. फ्यूजन आणि इन्व्हेंटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तर स्केचमध्येच ते कंसात दिसतं. पण सॉलिडवर्क्सच्या स्केचमध्ये नुसतं करड्या रंगात येतं, कंस नसतो. मुलं म्हणतील, कंस कुठाय?

मिलिंद_चाकण
थोडं विषयांतर. पॅरामीटर हा शब्द मुळात आपल्या ‘परिमाण’चाच भाऊ आहे. परि + मा. मग सरळ ‘परिमाण’ लिहायला काय हरकत आहे?

नारायणपेठी
हरकत आहे. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ हे सख्खे, पण त्यातून झाला पेरिमीटर, म्हणजे आपली परिमिती. पॅरामीटरमधला ‘पॅरा’ वेगळा, त्याचा अर्थ शेजारी, बाजूला. ‘मीटर’चं नातं मात्र मात्रा आणि मापाशी जुळतं, एवढं तुमचं बरोबर.

मिलिंद_चाकण
मग ‘शेजारचं माप’! बाजूला लिहून ठेवायचं आणि तिथून सगळ्यांना पुरवायचं. सॉलिडवर्क्समध्ये ते एक्सेलच्या तक्त्यातूनही देता येतं, फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्प्रेडशीटच्या खान्याला नाव देतात. दोन्हीकडे माप खरोखरच आकृतीच्या शेजारी असतं. मला तर हे फार पटलं.

सुजाता_रास्तापेठ
माझे वडील भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ सुतारकाम करायचे. घरात कर्ता माणूस कोण आणि त्याच्यावर अवलंबून कोण, हे पोराटोरांनाही कळतं. ‘कर्तं माप’ आणि ‘आश्रित माप’ म्हणा. कर्त्याने ठरवलं की आश्रित त्याच्यामागे जातं. वरच्या गोष्टीत जाडी कर्ती आणि भोकाचं अंतर आश्रित असायला हवं होतं, पण 7 टाइप केल्यावर तेही कर्तं होऊन बसलं आणि घोटाळा झाला.

अनघा_भोसरी
सुजाताताई, अगदी हेच मला सांगायचं होतं आणि सापडत नव्हतं. फक्त एक अडचण आहे. त्या अंतराला सूत्र लावलं तरी ते ड्रिव्हन होत नाही. आकृतीला तेच हलवतं, फक्त स्वतःचा आकडा जाडीकडून घेतं. ड्रिव्हन माप स्वतः आकृतीला हलवत नाही. म्हणजे मधल्या पायरीलाही शब्द लागेल.

नारायणपेठी
बघा, म्हणूनच परिभाषा लागते. घरगुती उपमा दोन पावलांवर संपते. सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोकांना ते जड वाटले होते. आज कुणाला अडतात?

लेथवाला
महापौर चालला, मान्य. पण दिनांक अर्जावर लिहितो आणि तोंडाने तारीखच म्हणतो ना? टिपणं वाचून पोरं उद्या चाकणला मुलाखतीला जाणार. तिथे ‘आश्रित माप’ म्हणाली तर समोरचा बघत राहील. ड्रिव्हनच लिहा, अर्थ मराठीत सांगा.

सुजाता_रास्तापेठ
मुलाखतीचा मुद्दा पटतो. पण आधी डोक्यात अर्थ बसला तर इंग्रजी नाव एका दिवसात पाठ होतं. उलट होत नाही.
आणि मधल्या पायरीला ‘बांधलेलं माप’ चालेल. वडील दोन टोकांना दोरी ताणून बांधायचे, तेव्हा म्हणायचे, “सूत बांधलं, आता हलायचं नाही.” सूत्र आणि सूत एकच की. सुतारही त्यातूनच आला.

मिलिंद_चाकण
सुतार ‘सूत्रधार’वरून का ‘सूत्रकार’वरून? आणि सूत हे लांबीचं मापही आहे, एक इंचात आठच ना? आमच्याकडे 19 मिमी प्लायला सहा सूत म्हणतात.

लेथवाला
आठच. एक सूत 3.175 मिमी, सहाचे 19.05.

अनघा_भोसरी
सोमवारी प्रत झेरॉक्सला जाते. ‘कर्तं’ आणि ‘बांधलेलं’ लिहिलंय. ड्रिव्हनपुढची जागा अजून मोकळी आहे.

नारायणपेठी
सुतार सूत्रधारावरून. सूत्रकाराचं मत कुणी मांडलंय, ते आधी सांगा.