शामक, निरोधी की आवर? गॅबाच्या औषधांना मराठीत काय म्हणावं

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोनला मान्यता मिळाली. रोज संध्याकाळी, १४ दिवस घ्यायचं. ते गॅबाचं, म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचं, काम वाढवतं. मराठीत लिहिताना 'शामक' म्हटलं, तर घरात विचारलं, "दुखण्याची गोळी व्हय?" मग 'झोपेची गोळी' लिहू का?

गंगावेस: नको. गुंगी येते हे खरं, पण औषध झोपेसाठी नाही. 'शामक'चा घोळ 'वेदनाशामक'नं केलाय. 'निरोधी', म्हणजे रोखणारं, हे शास्त्राला धरून आहे, पण सरकारी 'निरोध' माहीत असलेल्या पिढीसमोर वाचून दाखवा बघू!

शिरोळ: आमच्याकडं रात्री उसाला दारं धरतात, तसं समजा. गॅबा येऊन चिकटला की पेशीचं क्लोराइडचं दार उघडतं, ऋणभार आत शिरतो आणि पेशी गप होते. (उसाला पाण्यानं तरारी येते, इथं उलटं, एवढा फरक पोटात घाला.) १९६०चं लिब्रियम, १९६३चं व्हॅलियम ही चिंतेवरची औषधं स्वतः दार उघडत नाहीत, गॅबा आल्यावर ते जास्त वेळा उघडतं. त्याआधीची बार्बिट्युरेट ही गुंगीची औषधं दार जास्त वेळ उघडं ठेवायची. डोस वाढला की गॅबा नसतानाही उघडायची, म्हणून जिवावर बेतायचं. झुरानोलोन त्याच दाराला, पण वेगळ्या कडीला हात घालतं. ही कडी अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या द्रव्याची. ते शरीरात आपोआप बनतं, गरोदरपणात वाढतं आणि बाळंतपणानंतर एकदम उतरतं.

गंगावेस: मग 'आवर' घ्या की. हुंदका आवरेना, मनाला आवर घाल. रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, अर्थही नेमका.

राजारामपुरी: कोल्हापुरात 'आवर' म्हटलं की आधी "आवर की लौकर, बस जाईल" हेच ऐकू येतं!

शिरोळ: म्हणून सुटा शब्द नको, वाक्य लिहा: 'मेंदूचा आवर वाढवणारं औषध.' खाली ठळक अक्षरात: घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही. आणि व्हॅलियमच्या गटाबद्दल लिहाल तेव्हा 'सवय' शब्दावर भागवू नका. रोज घेणाऱ्यानं मनानंच एकदम बंद केलं तर आकडीचे झटके येऊ शकतात.

राजारामपुरी: लिहिलं. आत्याला वाचून दाखवलं. म्हणाली, "मला नको बाई, माझं सगळं आवरून झालंय."