स्किझोफ्रेनियाच्या जनुक-संशोधनासाठी रक्त द्यावं का?

नदीकाठ:
धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला, त्याला आता चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका संशोधनासाठी त्याचं, आईचं आणि माझं रक्त मागितलं. आई लगेच तयार झाली. मी नको म्हणालो. घरात तेव्हापासून अबोला आहे.

२०१४ साली जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या १०८ जागा सापडल्या, २०२२ साली २८७. एकेकीचा वाटा अगदी नगण्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तेरा वर्षं संचालक असलेले थॉमस इन्सेल यांनी पद सोडल्यावर स्वतःच कबूल केलं, की संशोधनावर वीसेक अब्ज डॉलर खर्चूनही आत्महत्या कमी झाल्या नाहीत. भाऊ ज्या क्लोझापिनवर सावरला ते औषध साठ वर्षांहून जुनं. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला त्या मोजायला त्याला एसटीने जिल्ह्याला न्यायचो. सुई टोचताना तो माझा अंगठा घट्ट धरायचा. आमच्या तालुक्यात आजही मनोविकारतज्ज्ञ नाही. पैसा तिथे लावा.

कासव:
तालुक्याचं शंभर टक्के पटलं, रक्ताचं नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशी कल्पना मांडली, आणि पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर आईकडेच बोट दाखवत राहिले. ते खोडायला संशोधनच लागलं. १९६६ साली लिओनार्ड हेस्टन या मनोविकारतज्ज्ञाने, आजारी आईपासून जन्मल्यावर तीन दिवसांत वेगळी केलेली आणि दुसरीकडे वाढलेली ४७ मुलं मोठेपणी शोधून काढली. त्यांतल्या पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता. निरोगी आयांच्या, तशाच वाढलेल्या ५० जणांत एकालाही नाही. माझ्या मावशीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागलं, पोराला लाडावलंस म्हणून त्याचं डोकं फिरलं. तिला हे कोणी वेळेवर सांगायला हवं होतं.

नदीकाठ:
आईवरचा ठपका गेला आणि घराण्यावर आला, त्याचं काय? बहिणीचं ठरत आलेलं लग्न ‘रक्तातच आहे’ या दोन शब्दांवर मोडलं.

शेवंती (मनोरुग्णालयात परिचारिका):
तेच आकडे त्या लोकांपुढे ठेवा. आई-वडिलांपैकी एकाला आजार असला तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. जनुकं शंभर टक्के तीच असून! म्हणजे बाकीचंही काहीतरी आहेच.

आजार ऐन तारुण्यात का येतो, याचाही धागा जनुकांतूनच मिळाला. वयात येताना मेंदू पेशींमधले जास्तीचे जोड छाटतो, द्राक्षबागेत छाटणी करतात तसा. २०१६ साली सी-फोर नावाचं जनुक या छाटणीशी जोडलेलं आढळलं. ते जास्त जोरात चालणाऱ्यांत आजाराचा धोका थोडा वाढतो. ‘अभ्यासाच्या टेन्शनने झालं’ असं म्हणणाऱ्या वडिलांना मी हे कागदावर चित्र काढून समजावते.

खडीसाखर:
समजावणं ठीक, पण औषध कुठे आहे? २०२४ मध्ये अमेरिकेत झानोमेलिन-ट्रोस्पियमला मंजुरी मिळाली, कितीतरी दशकांनी वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध. तेही जनुकांतून आलेलं नाही. नव्वदच्या दशकात झानोमेलिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहताना त्यांचे भास कमी झाले, तिथून ही वाट सापडली. मी नदीकाठच्या बाजूने.

कासव:
आजवरचे बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपण दिलेच नाहीत, तर उद्या जे काही निघेल ते आपल्याला नीट लागू पडणार नाही. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या साथीने, घरात अनेकांना आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास चालू आहे, तो याचसाठी मोलाचा.

शेवंती:
नदीकाठ, एक विचारू? आई हो म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात. भाऊ काय म्हणाला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार संशोधनासाठी संमती आजारी माणसाची स्वतःची लागते.

नदीकाठ:
नव्हतं विचारलं. आज विचारलं. तो बराच वेळ गोळ्यांची डबी उघडझाप करत बसला, मग म्हणाला, “देतो. पण त्यांना काय सापडलं ते मला सांगणार का?” हे मीही त्यांना विचारलं नव्हतं. सोमवारी फोन करतो.